नवा टॅटू: पट्टी कधी काढायची, धुवायचा कसा आणि हात कधी आवरायचा

माझ्या पहिल्या टॅटूवर आर्टिस्टने क्लिंग फिल्म गुंडाळली आणि बजावलं, "दोन-तीन तासांनी काढ, धू, मग उघडाच ठेव." मी मान डोलावली आणि घरी येऊन फिल्मसकट झोपले. म्हटलं, झाकलेलं बरं. सकाळी पाहते तर प्लास्टिकच्या आत काळपट, बुळबुळीत पाणी साचलेलं. ते मनगटाकडून ओघळून चादरीला लागलं होतं आणि उशीच्या अभ्र्यावर माझ्या टॅटूतल्या फांदीचा पुसट छाप उमटला होता. मला वाटलं, गेला टॅटू धुऊन. तो काही गेला नव्हता. पण त्या भीतीपोटी पुढचे दहा दिवस मी त्यावर इतकं मलम चोपडलं की एका देठाची रेघ खपलीबरोबर निघून आली.

त्यानंतर आणखी तीन टॅटू झाले, मैत्रिणींचे पाच-सहा बरे होताना जवळून पाहिले. बिघडले ते बहुतेक आमच्या उत्साहानेच: सारखं धुणं, सारखं मलम, सारखं बोट लावून बघणं. म्हणून या लेखात काय करा याच्या बरोबरीने कुठे थांबा हेही आहे.

पायऱ्यांकडे वळण्याआधी आत काय घडतं ते दोन ओळींत. सुई त्वचेचा वरचा थर भेदून साधारण १ ते २ मिलिमीटर खोल शाई सोडते. तिथल्या संरक्षक पेशी शाईचे कण गिळतात आणि जागच्या जागी बसून राहतात. टॅटू टिकतो तो त्यांच्यामुळे. वरच्या थरात मात्र असंख्य बारीक छिद्रं पडलेली असतात. तिथून एक-दोन दिवस लस, थोडं रक्त आणि जादाची शाई बाहेर येत राहते. चादरीवर दिसते ती ही जादाची शाई. वरची कातडी भरून यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि आतून पूर्ण बसायला दोन-तीन महिने.

आधी घरात आणून ठेवा

टॅटू काढून आल्यावर दुकानात जायचं त्राण नसतं. आदल्या दिवशीच हे जमवा:

- बिनवासाचा, बिनरंगाचा, सौम्य लिक्विड साबण. पंपाची बाटली असेल तर उत्तम. बाथरूममधली सगळ्यांची वडी नको.
- पेपर टॉवेलचा एक रोल.
- बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर, शक्यतो ट्यूबमध्ये. डबीत बोट घालावं लागतं आणि बोटाबरोबर जंतूही जातात.
- धुतलेल्या जुन्या चादरी आणि अभ्रे, दोन-तीन जोड. गडद रंगाचे असले तर मनस्ताप वाचतो.
- सैल सुती कपडे.
- सेकंड स्किन (त्वचेला स्वतःच चिकटणारी पारदर्शक फिल्म) लावणार असाल तर त्याचा एक जादा तुकडा, आणि तो कापायला स्वच्छ कात्री.

मधुमेह असेल, रक्त पातळ करणारी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, किंवा जखमेचा व्रण फुगून वर येण्याची प्रवृत्ती असेल, तर टॅटू काढण्याआधीच डॉक्टरांशी बोला. नंतर बोलून फारसा उपयोग नसतो.

१. आर्टिस्टकडून निघण्याआधी चार प्रश्न विचारा

काम संपलं की आपण आरशापुढे उभे असतो, फोटो काढत असतो, आणि आर्टिस्टच्या सूचना एका कानाने आत, दुसऱ्याने बाहेर. म्हणून फोनमध्ये लिहून घ्या: हे आवरण कोणतं आहे? किती वाजता काढायचं? नंतर पुन्हा झाकायचं की उघडं ठेवायचं? काही बिघडलं तर तुम्हाला कसं गाठायचं?

दुसऱ्या प्रश्नावर "थोड्या वेळाने" असं उत्तर मिळालं तर घड्याळातली वेळ मागा. काम किती दाट आहे, लस किती येतेय हे आर्टिस्टने पाहिलेलं असतं, त्यामुळे त्याची वेळ आणि या लेखातली वेळ जुळली नाही तर त्याची धरा. चिकटपट्टीची अ‍ॅलर्जी असेल तर तेही याच वेळी, आवरण लावण्याआधी सांगा.

२. तुमच्या टॅटूवर नेमकं काय लावलंय ते ओळखा

हा सगळ्यात मोठा घोळ आहे. सगळ्याच आवरणांना लोक "रॅप" म्हणतात आणि एकाचा नियम दुसऱ्याला लावतात. मैत्रिणीने तिची फिल्म चार दिवस ठेवली म्हणून तुमचीही चालेल असं नसतं. कदाचित दोन्ही फिल्म वेगळ्याच असतील.

क्लिंग फिल्म म्हणजे स्वयंपाकघरातलं पातळ प्लास्टिक. ते त्वचेला चिकटत नाही, वरून टेप मारून धरून ठेवावं लागतं. घरी पोचेपर्यंत धूळ, कपडा, कुणाचा धक्का यांपासून वाचवणं एवढंच त्याचं काम. दोन ते चार तास, बस.

शोषक पॅड म्हणजे जखमेला न चिकटणारी कापसाची गादी, कडेने टेप. मोठ्या, दाट रंगाच्या कामावर काही जण हे लावतात. लस शोषली जाते. काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी काढतात. चिकटलं असेल तर ओढू नका, कोमट पाण्याने भिजवा, आपोआप सुटतं.

सेकंड स्किन म्हणजे पॉलियुरेथेनची पारदर्शक, स्वतःच चिकटणारी फिल्म. टेगाडर्म, सॅनिडर्म ही नावं ऐकली असतील. मुळात ही दवाखान्यातली ड्रेसिंगची वस्तू. हिच्यातून वाफ आणि हवा जाते, पण बाहेरचं पाणी आणि जंतू आत येत नाहीत. ही दिवसच्या दिवस ठेवता येते.

इथे एक शंका येते, मलाही आली होती. १९६२ साली संशोधक जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या त्वचेवरच्या जखमांवर प्रयोग करून दाखवलं की पॉलिथिनखाली ओलसर राहिलेल्या जखमा उघड्यावर सुकलेल्या जखमांपेक्षा साधारण दुप्पट वेगाने नव्या कातडीने झाकल्या जातात. मग घरचं प्लास्टिक चार दिवस ठेवलं तर काय बिघडलं? बिघडतं ते कडांना. क्लिंग फिल्म कडेने बंद होत नाही. आतली लस बाहेर येते आणि त्याच वाटेने जंतू आत शिरतात. घाम कोंडतो, फिल्म सरकते, सरकताना घासते. आणि ती निर्जंतुक केलेली नसते. ऊब, ओल आणि उघडी वाट एकत्र आल्यावर जंतूंना आणखी काय हवं!

तुमच्यावर कोणतं आवरण आहे हे अजूनही कळत नसेल तर कड बोटाने हलकेच दाबून पाहा. स्टिकरसारखी घट्ट बसलेली असेल तर सेकंड स्किन. टेप काढल्यावर नुसतीच सुटत असेल तर क्लिंग फिल्म.

३. पहिली धुलाई

टॅटूला हात लावण्याआधी हात धुवा. हे वाक्य मी पुढे प्रत्येक पायरीत लिहिणार नाही, तुम्ही मात्र प्रत्येक पायरीत वाचा.

नळ सोडा, पाणी कोमट करा. गरम नको, आग आग होते आणि सूजही वाढते. आधी टेप काढा, मग फिल्म पाण्याखाली धरून सोलत जा. आतलं पाणी काळं, तांबूस, कधी रंगीत असेल. बेसिनकडे बघून घाबरू नका.

तळहातावर साबणाचा फेस करा आणि तो फेस टॅटूवर ठेवा. बोटांच्या पेरांनी, गोल गोल, अगदी हलक्या हाताने. पहिल्यांदा त्वचा बुळबुळीत लागेल, ती लस. ती तशीच राहिली तर वाळून तिची जाड खपली होते, म्हणून पहिल्या धुलाईत सगळ्यात महत्त्वाचं काम तेच. दोन-तीनदा फेस-पाणी झालं की बोटाखालचा बुळबुळीतपणा जातो आणि उन्हात रापलेल्या कातडीसारखी गरम, किंचित फुगलेली त्वचा लागते. तिथे थांबा. स्पंज, घासणी, हातरुमाल काहीही नको. शॉवरची धारही सरळ टॅटूवर सोडू नका.

मग पेपर टॉवेल. पुसायचं नाही, टिपायचं. कागद ठेवा, दाबा, उचला. अंग पुसायचा टॉवेल कितीही धुतलेला असला तरी त्याचे धागे लसेत अडकतात आणि दमट टॉवेलवर काय काय असतं ते न बोललेलं बरं. टिपून झाल्यावर दहा मिनिटं तसाच वाऱ्यावर राहू द्या. पंखा, हेअर ड्रायर, फुंकर नको. फुंकर तर मुळीच नको, तोंडातले जंतू थेट जखमेवर.

पहिल्या दिवशी संध्याकाळी पुन्हा लस जमून चकाकी येईल. पुन्हा धुवा. त्यानंतर दिवसातून दोनदा, घाम आला किंवा माती लागली तर तिसऱ्यांदा. चौथ्या-पाचव्या वेळेला हात शिवशिवले तरी आवरा. जास्त धुण्याने त्वचा कोरडी पडते आणि ताणून फुटते.

एक नेहमीची चूक: "जखम आहे म्हणजे जंतुनाशक हवंच" म्हणून स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा बाटलीतलं जंतुनाशक ओतणं. ते झोंबतं तेवढंच, आणि नव्या येणाऱ्या पेशींनाही मारतं. साबण-पाणी पुरे.

४. सेकंड स्किन असेल तर

दुसऱ्या टॅटूला, पोटरीवर, मी हीच लावली होती. सोय मोठी: कपडा घासत नाही, चादर खराब होत नाही, धुवायचं काम नाही. पण हिचे स्वतःचे नियम आहेत आणि ते मोडले की ती क्लिंग फिल्मइतकीच त्रासदायक ठरते.

पहिला तुकडा आर्टिस्ट लावतो. पहिल्या रात्री आत काळं पाणी साचून फुगा धरतो. पोटरीवर तो खाली घोट्याकडे लोंबकळत होता, चालताना डुचमळायचा. हे नॉर्मल आहे. कड बंद असेपर्यंत त्याला काही करायचं नाही. सुई टोचून पाणी काढायचा मोह होईल, टोचू नका. टोचलंत की ती बंद फिल्म राहत नाही. साधारण २४ तासांनी हा तुकडा काढून टाकायचा. फुगा खूपच मोठा झाला किंवा गळायला लागला तर त्याआधीही.

काढताना वरच्या दिशेने ओढू नका, केस आणि कातडी दोन्ही ओढली जातात. शॉवरखाली उभे राहा, कोमट पाणी कडेवर पडू द्या. एक कोपरा सुटला की तो त्वचेला समांतर, बाजूला ताणा. रबर ताणतो तसा. फिल्म लांबते आणि गोंद स्वतःहून सोडतो. केसांच्या दिशेने जा. पोटरीची फिल्म काढायला मला दहा मिनिटं लागली. आधी दोन मिनिटांत उरकायचा प्रयत्न केला होता, तो डोळ्यांत पाणी आल्यावर सोडून दिला.

मग तिसऱ्या पायरीसारखं धुवा आणि पूर्ण कोरडं होऊ द्या, निदान पंधरा-वीस मिनिटं. दुसरा तुकडा लावायचा असेल तर त्याआधी मलम अजिबात नको, चिकटत नाही. तुकडा टॅटूच्या सगळ्या बाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर मोठा कापा आणि कोपरे गोल करा. टोकदार कोपरा कपड्यात अडकून आधी तोच उचलला जातो. कागद सोलून मधून बाहेरच्या दिशेने, न ताणता बसवा. ताणून लावलात तर फिल्म आकसताना त्वचा ओढते आणि कडेला फोड येतात. हा तुकडा तीन ते पाच दिवस ठेवता येतो. दोन्ही तुकडे मिळून आठवड्यापेक्षा जास्त नको.

फिल्मवर अंघोळ चालते, टबात डुंबणं चालत नाही.

आता सापळा. तिसऱ्या दिवशी माझ्या फिल्मची खालची कड सुटली आणि टॅटूपर्यंत एक बारीक पन्हळ तयार झाली. नवा तुकडा वाया घालवायचा नाही म्हणून मी सुटलेल्या कडेवर साधी चिकटपट्टी मारली. दोन दिवसांनी काढलं तर कडेने घामोळ्यांसारखे फोड. वरून शिवलेली पिशवी गळायची थांबते, पण आत जे गेलं ते आतच राहतं. कड टॅटूपर्यंत सुटली की फिल्म काढा, धुवा, आणि पुढे उघड्या टॅटूची काळजी घ्या. नवी लावलीच पाहिजे असं काही नाही.

कोपर, गुडघा, बोटं, तळहात इथे ही फिल्म फार वेळ टिकत नाही, हट्ट धरू नका. आणि फिल्मखाली सहन न होणारी खाज सुटली, किंवा फिल्मच्या आकाराचाच चौकोनी लाल डाग उमटला, तर ती गोंदाची अ‍ॅलर्जी. लगेच काढा. संसर्ग असा चौकोन आखून येत नाही.

५. मलम: कोणतं, कधी, किती

यावर जितकी तोंडं तितकी मतं. कुणी पहिल्या तासापासून लावतं, कुणी आठवडाभर काहीच लावत नाही. मी त्वचेला विचारते. पहिले एक-दोन दिवस ती स्वतःच ओली असते, तेव्हा नको. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात वळवताना कातडी ओढल्यासारखी, घट्ट वाटायला लागते. तेव्हा सुरू करा, दिवसातून दोनदा, धुऊन पूर्ण वाळल्यावर.

किती? तळहाताएवढ्या टॅटूला वाटाण्याएवढं. लावल्यावर मिनिटभराने बघा. त्वचा मऊ दिसायला हवी. तेलकट चमकत असेल तर जास्त झालं, पेपर टॉवेलने टिपून काढा. मी पहिल्या वेळी केकवर क्रीम लावावं तसं लावत होते. त्याने खपली भिजून फुगते, मऊ होते आणि मग बाहीचा नुसता स्पर्शही तिला शाईसकट उचलायला पुरतो. माझा देठ गेला तो असा. खपल्या ओल्या आणि फुगलेल्या दिसल्या तर एक-दोन दिवस मलम बंद ठेवा, वाळू द्या.

काय नको:

- पेट्रोलियम जेलीचा जाड थर. हवा, घाम सगळं कोंडतं.
- वासाची, रंगाची, थंडावा देणारी क्रीम.
- घरगुती लेप. उघड्या जखमेवर काहीही वाटून लावू नका.
- घरात पडून असलेली त्वचेची क्रीम. त्यात पुष्कळदा स्टेरॉइड असतं. खाज थांबते खरी, पण जखम भरणं मंदावतं आणि संसर्ग झाकला जातो.
- डॉक्टरांनी न सांगता प्रतिजैविक मलम. त्यातल्या नियोमायसिन आणि बॅसिट्रॅसिन या दोघांची स्पर्शाने अ‍ॅलर्जी होणं इतकं नेहमीचं आहे की अमेरिकेतल्या काँटॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने बॅसिट्रॅसिनला २००३ साली आणि नियोमायसिनला २०१० साली 'वर्षाचा अ‍ॅलर्जन' ठरवलं होतं. मग लाल पुरळ येतं, आपण त्याला संसर्ग समजतो आणि आणखी तेच मलम लावतो.

६. झोप आणि कपडे

टॅटूवर झोपू नका. पाठीवर असेल तर पालथं, बरगडीवर असेल तर दुसऱ्या कुशीवर. चादर चिकटलीच तर झोपेच्या भरात झटका देऊन ओढू नका. चादरीसकट उठा, बाथरूममध्ये जा, कोमट पाण्याने भिजवा. दृश्य विनोदी दिसतं, पण रेघा वाचतात. पाळीव कुत्रा-मांजर असेल तर पहिला आठवडाभर बिछाना त्यांना बंद.

पायावर टॅटू असेल तर पहिले दोन-तीन दिवस बसताना पाय उंच ठेवा. उभं राहिलं की रक्त खाली उतरतं, सूज घोट्यात जमते आणि ठणका लागतो. हातावरच्या मोठ्या टॅटूतही मनगटाशी सूज किंवा निळसर डाग दिसू शकतो, तो वरून खाली उतरलेला असतो.

७. चौथा ते चौदावा दिवस: पोपडे आणि खाज

साधारण चौथ्या दिवशी टॅटू एकदम वाईट दिसायला लागतो. चमक जाते, कातडी कोरडी, भुरकट होते आणि पोपडे सुटतात. पोपड्याला रंग असतो. काळ्या टॅटूचा काळा, लालचा लाल. धुताना तो बोटाला लागतो आणि काळजात धस्स होतं. उन्हाने सोललेल्या पाठीसारखंच आहे हे. जाते ती वरची कातडी, शाई खाली आहे.

पोपडा अर्धा सुटून लोंबत असला तरी ओढू नका. कात्रीनेही कापू नका. जिथे अजून चिकटलाय तिथे खालची कातडी तयार नाही, म्हणूनच तो चिकटलाय.

खाज रात्री जास्त सुटते. नखं आधीच कापून ठेवा. खाजवायचं नाही, चोळायचं नाही. स्वच्छ तळहाताने हलकी थाप मारा, किंवा स्वच्छ कापडात गुंडाळलेला थंड पॅक मिनिटभर टॅटूच्या कडेला धरा. धुऊन पातळसं मलम लावलं तरी पुष्कळदा शांत होतं. मी एका रात्री झोपेत खाजवू नये म्हणून हातमोजे घालून झोपले होते. सकाळी मोजे जमिनीवर सापडले.

पोपडे गेल्यावर दोन-तीन आठवडे टॅटूवर दुधी, चंदेरी झाक राहते, जणू वर ट्रेसिंग पेपर ठेवलाय. ती नवी कातडी असते, अजून जाड आणि धूसर. "रंग उडाला" म्हणून आर्टिस्टला फोन करण्याची वेळ ही नव्हे.

८. पाणी, ऊन, घाम

अंघोळ हो, डुंबणं नाही. तलाव, समुद्र, नदी, टब, सगळं निदान तीन-चार आठवडे बंद. पोपडे पूर्ण जाईपर्यंत तर नक्कीच. हे नुसतं शाईसाठी नाही. यकृताचा जुना आजार असलेला ३१ वर्षांचा एक माणूस टॅटू काढून पाच दिवसांनी मेक्सिकोच्या आखातात पोहला. समुद्राच्या कोमट पाण्यात असणारा व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा जंतू त्याच्या जखमेतून आत गेला आणि तो वाचला नाही. ही घटना २०१७ साली बीएमजे केस रिपोर्ट्स या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. धडधाकट माणसाला एवढा धोका नसतो, पण उघडी जखम ती उघडीच जखम.

ऊन टाळा, कपड्याने झाका. बरा होईपर्यंत सनस्क्रीनही नको, ते जखमेवर लावायची वस्तू नाही. व्यायाम चार-पाच दिवस थांबवा, आणि तो भाग ताणणारे किंवा बाकावर घासणारे प्रकार दोन आठवडे. जिममधला बाक किती लोकांच्या घामाने पावन झालेला असतो ते आठवा. त्या जागी दाढी-वॅक्सिंग तर पूर्ण गुळगुळीत होईपर्यंत नाहीच.

९. डॉक्टरकडे कधी जायचं

पहिले दोन-तीन दिवस लाली, ऊब, थोडी सूज, चुरचुर असणारच. दिशा बघा. रोज थोडं कमी होतंय का? मग ठीक. तिसऱ्या दिवसानंतर वाढायला लागलं तर नाही. लालीबद्दल शंका असेल तर तिच्या कडेने पेनाने रेघ मारा, टॅटूपासून दूर, साध्या त्वचेवर. काही तासांनी लाली रेघेपलीकडे गेली असेल तर थांबू नका.

हे दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, आर्टिस्टला मेसेज करत बसू नका: पिवळा-हिरवा पू किंवा दुर्गंधी, ताप किंवा थंडी वाजणं, टॅटूपासून वर चढणाऱ्या लाल रेघा, दिवसागणिक वाढणारा ठणका. श्वास लागला किंवा चेहरा-ओठ सुजले तर सरळ इमर्जन्सी.

काही त्रास उशिरा उगवतात. २०११ च्या अखेरीस न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर भागात १९ जणांच्या टॅटूवर हट्टी पुरळ उठलं. कारण निघालं राखाडी शाई. ती कारखान्यातच पातळ करून बाटलीत भरलेली होती आणि तिच्यात मायकोबॅक्टेरियम चेलोनी हा जंतू होता. इथे ना आर्टिस्टची चूक होती ना काळजी घेणाऱ्याची. म्हणून टॅटू बरा झाल्यासारखा वाटल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी एकाच रंगाच्या भागात गाठी किंवा पुरळ आलं तर "जाईल आपोआप" म्हणू नका. डॉक्टरांना टॅटूची तारीख सांगा, कोणत्या रंगात आलंय ते दाखवा. लाल रंगाची अ‍ॅलर्जी इतर रंगांपेक्षा जास्त आढळते आणि ती महिन्यांनीही उठू शकते.

रोज एकाच उजेडात एक फोटो काढून ठेवा. डॉक्टरांना दाखवायला उपयोगी पडतो, आणि "कालपेक्षा वाईट आहे का?" या रात्री दोन वाजताच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच असतं.

१०. महिन्यानंतर

त्वचा हाताला आजूबाजूसारखीच लागली, चंदेरी झाक गेली, की टॅटू बाहेरून बरा. आता उन्हात जाताना एसपीएफ ३० किंवा त्यावरचं सनस्क्रीन लावा, रंग जास्त दिवस गडद राहतो. रेघ तुटलेली किंवा रंग फिका वाटत असेल तर टच-अप सहा आठवड्यांच्या आत करून घेऊ नका, कातडी अजून कच्ची असते. टच-अप टॅटूच्या मूळ रकमेतच धरलेला असतो का, हे आधीच विचारून ठेवा.

टच-अप म्हणजे पुन्हा नवी जखम, छोटी का असेना. म्हणजे पुन्हा पहिल्या पायरीपासून. माझ्या देठाची रेघ दोन महिन्यांनी भरून घेतली, दहा मिनिटांचं काम. आर्टिस्टने क्लिंग फिल्म लावली आणि काही बोलण्याआधीच मी फोनवर अलार्म लावला, अडीच तासांचा.